जहाजाची पोथी

आमच्या अंगणात, गोठ्याच्या भिंतीला लागून, विटांचा एक ढीग आहे. ट्रॉलीभर असतील. नवा माणूस घरी आला की हमखास विचारतो, "काका, बांधकाम काढलंय का?" मी म्हणतो, काढलंय. "कधीपासून?" म्हणतो, मला मिसरूड फुटत होती तेव्हापासून. माणूस हसतो, चहा पितो, जातो. खरी गोष्ट मी कुणाला सांगत बसत नाही, पण आता लिहून ठेवतो. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या आग्रहाखातर. नात म्हणाली, आजोबा, मी शुद्धलेखन तपासून देते. म्हटलं, हात लावू नको. चूक असली तरी माझी आहे.

यावलच्या अलीकडे केळीच्या बागांत आमचं गाव. घर धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत. त्यावर मिरच्या वाळायच्या, उन्हाळ्यात माणसं झोपायची. घरात दोन भाऊ, माझे वडील आबा आणि धाकटे नाना. दोघांची शेती एक, विहीर एक आणि चूल एक. चुलीवर राज्य माझी आई आणि काकू या दोघींचं. काकू धुळ्याकडची, अहिराणी बोलायची, दर दोन शब्दांनंतर 'शे', म्हणजे 'आहे', लावायची. आईची बोली आमच्याकडची. दोघी भांडल्या की ऐकणाऱ्याला वाटे दोन मुलखांची लढाई लागली, आणि दोघी हसल्या की शेजारची कुत्री भुंकत. पहाटे मला जाग यायची ती त्यांच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. आईची थाप जड, काकूची हलकी आणि भरभर. डोळे मिटूनसुद्धा मी सांगायचो, आता तव्यावर कुणाची भाकरी आहे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि वर कच्च्या तेलाची धार, एवढं पोटात गेलं की मी केळीच्या ट्रका भरायला मोकळा.

ट्रका दिल्लीच्या, पंजाबच्या. केळीचे घड खाली ठेवायचे, मध्ये पानं अंथरायची, पुन्हा घड. ड्रायव्हर लोक बाजेवर बसून चहा पीत आणि आम्हाला हिंदीतून शिव्या देत. त्या शिव्यांवर माझी हिंदी वाढली. वर्षभरात मी असा तयार झालो की ड्रायव्हरच म्हणायचे, भिकन, तू कुठल्या जिल्ह्याचा रे, मेरठचा का? गावात हिंदी समजणारे बरेच होते, पण हिंदीत उलट उत्तर देणारा मी एकटा. या एका गुणावर मी पुढे गावात मोठा झालो. ते कसं, ते सांगतो.

एका साली केळीला भाव बरा लागला आणि नानांनी टीव्ही आणला. लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा, काळा-पांढरा. ओसरीत कोनाड्याखाली त्याची स्थापना झाली. काकूनं हळदकुंकू लावलं, हार घातला, आणि टीव्हीसमोर बसायचं तर चपला बाहेर हा नियम केला. त्याच दिवसांत रविवारी सकाळी एक हिंदी मालिका सुरू झाली. नाव काहीतरी लांबलचक होतं, गावात कुणाला पाठ झालं नाही. गोष्ट एका जहाजाची. पाण्यातलं नव्हे, आभाळातलं जहाज. पृथ्वीवरून जे निघाले ते कधीच मेले, त्यांचे नातू आता त्या जहाजात म्हातारे झालेले, आणि नवी जमीन अजून दूर. आत सगळे चंदेरी कपड्यांत. जेवायला गोळ्या.

मालिकेतली हिंदी माझ्या ड्रायव्हरांची नव्हती. फार शुद्ध, पुस्तकी. पहिल्याच रविवारी ओसरी भरलेली, आणि सगळे पडद्याकडे पाहून झाल्यावर माझ्याकडे पाहू लागले. आमच्याकडे श्रावणात पोथी लागते तेव्हा एकजण वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. वाचणाऱ्यापेक्षा अर्थ सांगणाऱ्याला मान जास्त. तर टीव्ही झाला वाचणारा, आणि अर्थ सांगायला बसलो मी. टीव्हीशेजारी, एक डोळा पडद्यावर ठेवून, लोकांकडे तोंड करून. अर्धे शब्द मला समजत नव्हते, पण अर्थ सांगणाऱ्याला सगळे शब्द समजलेच पाहिजेत असं कुठे लिहिलंय? पोथीवाले बुवा तरी काय संस्कृत शिकलेले होते? मी जोरात सांगायचो आणि लोक माना डोलवायचे. तिसऱ्या-चौथ्या रविवारपासून काकू टीव्हीसमोर उदबत्ती लावू लागली, आणि गावात मालिकेला नाव पडलं, जहाजाची पोथी.

भाग संपला की चर्चा. अशी चर्चा मी नंतर कुठल्या सभेत ऐकली नाही. ती माणसं आभाळात आहेत तर पाय जमिनीला कसे टेकतात? आबांचे लहानपणापासूनचे मित्र लोटूभाऊ म्हणायचे, बुटांना लोहचुंबक लावलं असेल. नानांचा मुलगा प्रकाश दीपनगरच्या वीज केंद्रात कामाला, तिथल्या कॉलनीत राहायचा आणि सुट्टी मिळाली की यायचा. तो म्हणायचा, अहो, ते जहाज म्हणजे साबणाचे डबे चिकटवलेत, मला दोरी दिसली. त्याला कुणी बोलूच देत नसे. काकूचं म्हणणं वेगळं होतं. ती चुलीपुढून ओरडून विचारायची, "भिकन, त्या जहाजमा चूल कोठे शे?" मी म्हणायचो, काकू, चूल नाही, गोळ्या खातात. "मंग तेच सांगस मी! चूल नई शे म्हनीसन बठ्ठा भांडतस." बठ्ठा म्हणजे सगळे, आणि मालिकेत तेव्हा भांडण लागायला अजून महिना होता. काकूनं आधीच ओळखलं होतं.

आणि मग निवडणूक आली, ग्रामपंचायतीची. आमदार-खासदारांच्या निवडणुकीत गाव कसं मजेत असतं, कोणीतरी दुसरा पडतो, दुसरा येतो. ग्रामपंचायतीला मात्र माणूस आपल्याच दारात हरतो. एका बाजूला छत्री, दुसऱ्या बाजूला कपबशी. लोटूभाऊ छत्रीवर उभे. फॉर्म भरायच्या बऱ्याच आधी, बागेत कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजताना, त्यांनी आबांना विचारलं होतं आणि आबांनी शब्द दिला होता. नंतर कपबशीवाल्यांनी नानांना गाठलं आणि घोड्यावर बसवलं. नाना घरी येऊन म्हणाले, "दादा, मी उभा राहून राह्यलो." आबा म्हणाले, "राहा. पन माहा शब्द गेला रे, इठ्ठल." झालं. नानांना वाटलं, सख्खा भाऊ आहे, ऐन वेळी येईल. आबांना वाटलं, सख्खा भाऊ आहे, समजून घेईल. दोघंही एकाच आईचे, हट्ट दोघांत सारखा वाटलेला. त्यातला माझ्या वाट्याला किती आला ते नातीला विचारा.

नाना पडले. थोडक्यात पडले, आणि थोडक्यात पडणं फार वाईट. लोटूभाऊंची मिरवणूक आमच्या दारावरून गेली. आबा दारात उभे होते, लोटूभाऊंनी पुढे येऊन त्यांच्या कपाळाला गुलाल लावला. नाना ओसरीतून ते पाहत होते. आत गेले. दुसऱ्या दिवशी विटांची ट्रॉली अंगणात रिकामी झाली. नानांचं ठरलं होतं, अंगणाच्या मधोमध भिंत, आतही भिंत, आणि चूल वेगळी.

आई त्या दिवशी पीठ मळताना थांबून राहिली. काकूची भाकरी पहिल्यांदा मला जड वाजली. भिंत म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. गावात ज्यांच्या घरात भिंत उभी राहिली ती घरं पुन्हा एक झालेली कुणी पाहिली नव्हती. शेत वाटलं जातं, विहिरीची पाळी लागते, आणि शेवटी पोरं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत.

घरात अबोला सुरू झाला. नानांना मोटर चालू करायची असली की ते ओसरीच्या खांबाला सांगत, "खांबा, लाईट आली का ते कोनी पाहिलं का?" आबा म्हशीच्या पाठीवर हात फिरवत म्हणत, "लाईट आली आहे, बाई. मोटर चालू करून घ्या म्हना." खांब आणि म्हैस यांच्यात एवढं बोलणं पूर्वी कधी झालं नव्हतं. आई हसून काकूला म्हणायची, "तुहं बरं आहे. जेठाशी न बोलता घर चालवाले तू आधीच शिकलेली. आता नवऱ्याले शिकव." काकू आबांसमोर पदर ओढून असायची, त्यांच्याशी थेट कधीच बोलायची नाही, तिला जे सांगायचं ते आईमार्फत. त्यामुळे अबोल्यात सगळ्यांत सोपं तिलाच गेलं.

टीव्ही नानांचा. त्यांनी फर्मान काढलं की छत्रीला मत देणाऱ्यानं माझ्या ओसरीत पाय ठेवायचा नाही. अर्धं गाव बाहेर पडलं. आबाही. पण मग रविवार उजाडला, टीव्ही लागला आणि कपबशीवाल्यांना कळलं, अर्थ सांगणाराही आबांचाच मुलगा! मालिका हिंदीत बोलत होती आणि ओसरी बिनअर्थाची बसली होती. नानांनी खांबाला सांगितलं, "अर्थापुरता त्याले येऊ द्या." मी गेलो. मानानं गेलो. भाग संपला की मारुतीच्या ओट्यावर छत्रीवाले माझी वाट पाहत बसलेले असायचे, तिथे दुसऱ्यांदा सांगायचो. आता जहाजातही निवडणूक लागली होती. निम्मे म्हणत, पृथ्वीवर परत फिरू. निम्मे म्हणत, नव्या जमिनीकडे पुढे जाऊ. मत पडलं, पुढे जाणारे थोडक्यात जिंकले, आणि हरलेल्यांनी जहाजाच्या मधलं लोखंडी दार लावून घेतलं. गावात कुणाला पटवावं लागलं नाही की ही आपलीच गोष्ट आहे. ओसरीत मला विचारत, "हरलेले लोक खरे होते का नई, ते सांग." ओट्यावर विचारत, "दार कोनी लावलं? हरलेल्यानंच ना?" दोन्हीकडे मी खरंच सांगायचो. दोन्हीकडे टाळ्या मिळायच्या.

आज विचार करतो तेव्हा वाटतं, मालिका चांगली होती ती याच कारणानं. तिच्यात वाईट माणूस एकही नव्हता. परत जाऊ म्हणणाऱ्या म्हातारीला आजीकडून ऐकलेल्या नदीची आठवण होती. पुढे जाऊ म्हणणाऱ्या कप्तानाला पोरांची काळजी होती. साबणाचे डबे असतील, दोरी दिसत असेल, पण हे कुणी तरी घर पाहून लिहिलं होतं. हल्ली नातवंडं जहाजांची चित्रं पाहतात, त्यात नुसत्या गोळ्या सुटतात. मी विचारतो, भांडण कशावरून आहे? त्यांना सांगता येत नाही.

इकडे विटा पडून होत्या, कारण काकूनं अडवून ठेवलं होतं. नानांनी गवंडी बोलावला की ती म्हणायची, "घरमा पोथी चालू शे. पोथी सरेपर्यंत भिंत उभी करतस का कोठे?" खरोखरच आमच्याकडे पोथी लागली की घरात तोडफोड, खोदकाम काही करत नाहीत. नाना हसले, म्हणाले, अगं ती टीव्हीवरची गोष्ट आहे. काकू म्हणाली, "उदबत्ती लागस का नई?" नानांना स्वतःला मालिका सोडवत नव्हती, मग कशाच्या तोंडानं नाही म्हणणार? ठरलं, समाप्ती झाली की दुसऱ्या दिवशी गवंडी.

शेवटचा भाग जवळ आला तशी काकूनं दुसरी खुट्टी मारली. समाप्ती म्हटली की नारळ आणि वरण-बट्टीचं जेवण. आणि ज्यांनी पहिला अध्याय ऐकला त्या सगळ्यांनी शेवटचा ऐकायला हवा, नाहीतर ज्याच्या घरी पोथी त्याला दोष. "पहिले बठ्ठा गाव व्हतं. आते बठ्ठास्ले बलावा, नई त नारय फुटनार नई." नाना दोन दिवस चिडचिड करत फिरले. मग खांबाला म्हणाले, "येऊ द्या. ऐकाले येऊ द्या, बोलाले नई."

त्या रविवारी सकाळपासून अंगणात गोवऱ्यांचा धूर आणि बट्ट्यांचा वास. वांग्याची भाजी रटरटत होती. छत्रीवाले आले, खाली मान घालून ओसरीच्या एका कडेला बसले. लोटूभाऊ आले. आबा आत आले नाहीत, बाहेर गोठ्यालगतच्या खिडकीखाली विटांच्या ढिगावरच बसले, पाठ भिंतीला लावून. टीव्हीशेजारी पाटावर नारळ. मी माझ्या जागी.

गोष्ट रंगली. नवी जमीन दिसू लागली होती. पण जहाज खाली उतरवायचं तर दोन्ही भागांतली माणसं एकत्र लागत होती. कप्तान लोखंडी दाराशी आला. पलीकडून कुणीतरी दार वाजवलं. ठक, ठक. कप्तानानं दांड्यावर हात ठेवला, पलीकडून म्हातारीचा आवाज आला, आणि लाईट गेली.

पडद्यावरचं चित्र आकसून एक ठिपका झालं आणि ठिपकाही विझला. मग एकच गलका. कोणी तारांना शिव्या घातल्या, कोणी धाब्यावर चढून उगाच अँटेना हलवला. लाईट आली तेव्हा बट्ट्या गार होत आल्या होत्या आणि टीव्हीवर शेतकऱ्यांसाठी खतांचं काहीतरी चाललं होतं. सगळ्या ओसरीनं माझ्याकडे तोंड केलं.

"भिकन, दार उघडलं का?" लोटूभाऊंनी विचारलं.

"नई उघडलं," कपबशीवाल्यांतून कोणीतरी म्हणालं.

"तुले कोनी विचारलं? अर्थवाल्याले सांगू दे."

नाना म्हणाले, "सांग बाप्पा. तू म्हनशीन ते खरं. समाप्ती होऊन जाऊ दे."

मी तोंड उघडलं. गोष्ट रचणं मला काय अवघड होतं? दार उघडलं म्हणालो असतो, गावात वाहवा झाली असती. मला तर सुंदर वाक्यही सुचलं होतं. तेवढ्यात काकू दिसली. दोन्ही हातांत नारळ धरून उभी, डोक्यावर पदर, आणि माझ्याकडे टक लावून पाहणारी. मान तिनं हलवली असेल, नसेलही. मला एकदम उमगलं. दार उघडो की लागो, मी काहीही बोललो की समाप्ती. समाप्ती झाली की नारळ, आणि उद्या गवंडी. माझ्या तोंडातल्या शेवटावर आमच्या अंगणातली भिंत उभी होती.

आयुष्यात मी 'माहीत नाही' असं कुणाला म्हटलेलं नव्हतं. पुढेही फार नाही म्हटलं. पण त्या दिवशी भरल्या ओसरीत म्हणालो, "माहीत नई."

"काय?"

"दार उघडलं का नई ते मले माहीत नई. पोथी अपुरी राहिली."

लोक हसले. कोणी म्हणालं, मेरठवाला अडकला रे! माझे कान तापले. मी मान खाली घातली नाही, एवढं मात्र लिहून ठेवतो. काकूनं नारळ पदराखाली घेतला आणि आत निघून गेली.

नाना वैतागले. "यात काय माहीत नई? दार उघडूच शकत नई. उघडलं असतं तर इकडची हवा तिकडं गेली असती, मेले असते बठ्ठे."

खिडकीबाहेरून आवाज आला, "हवा दोन्हीकडं एकच होती, इठ्ठल. पहिल्याच रविवारी दाखवलं. हवेचं यंत्र एक, नळ्या दोन."

"नळी बंद केली होती त्यानं!"

"पान्याची बंद केली. हवेची कुठं केली?"

"दादा, तू बाहेर बसून पाहत नव्हता, ऐकत होता फक्त. मी समोर बसून पाहिलं!"

"पहिल्या रविवारी मी तुह्या शेजारी बसलो होतो रे. तू तर डुलकी घेत होता!"

सगळी ओसरी दोघांकडे पाहू लागली. खांब आणि म्हैस दोघांची सुट्टी झाली होती. नानांच्याही ध्यानात आलं. मग ते उठले, दारापर्यंत गेले आणि बाहेर पाहून चिडून म्हणाले, "डुलकी घेत होतो तर बट्टी खाताना सांग कोनती नळी. आत ये, गार होऊन राह्यली." आबा आत आले. जेवताना दोघं नळ्यांवरून इतके भांडले की लोटूभाऊंना वरणाचा दुसरा वाडगा कुणी विचारला नाही.

तरी विटा होत्याच. नाना सहजासहजी मागे हटणारे नव्हते. म्हणाले, पुढच्या रविवारी प्रकाश येईल, कॉलनीत त्यानं शेवट पाहिला असेल, तो सांगेल, मग समाप्ती आणि मग गवंडी. तो आठवडा काकूच्या भाकरीची थाप चुकत होती. रविवारी प्रकाश आला. चपला काढतो न काढतो तोच नानांनी विचारलं, "दार उघडलं का रे?"

प्रकाशनं बापाकडे पाहिलं. आत चुलीपुढे शेजारी शेजारी बसलेल्या आईकडे आणि काकूकडे पाहिलं. अंगणातल्या विटांकडे पाहिलं. म्हणाला, "काय माहीत, नाना. आमच्याकडंबी लाईट गेली होती."

दीपनगरला! जिथे वीज बनते, जिथल्या कॉलनीतले दिवे कधी जात नाहीत म्हणून अर्धा जिल्हा जळतो, तिथे लाईट गेली होती. मी तिथेच होतो. आबा हसू दाबायला म्हशीकडे वळले. नानांनीही एकदा विटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "जेव."

पुढच्या निवडणुकीत आबांनी मत कुणाला दिलं ते नानांनी विचारलं नाही, आबांनी सांगितलं नाही. दोघंही आता नाहीत. आई आणि काकू शेवटपर्यंत एकाच चुलीपुढे भांडल्या.

मागच्या दिवाळीला चाळीसगावहून प्रकाशचा नातू आला होता. मोबाईल घेऊन माझ्यापुढे बसला आणि म्हणाला, "आजोबा, तुमची ती जहाजाची मालिका सापडली. सगळे भाग आहेत. शेवटचा लावू?" त्यानं लावलाही. लोखंडी दार दिसलं, कप्तान दिसला, दांड्यावर हात गेला. मी मोबाईल पालथा घातला.

"अहो, बघा तरी! उघडतं का ते!"

म्हटलं, तुला काय करायचंय? घरात पोथी चालू आहे. आणि त्याला विटांकडे पिटाळलं, कोंबडीनं त्यात अंडी घातली का ते पाहायला.